ऑस्कर बर्लिनरचं म्हणणं

मागच्या हिवाळ्यात एका दूरच्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेलो होतो. वातींच्या धुरानं आणि निशिगंधाच्या वासानं कार्यालयाचा हॉल कोंदला होता. माईकवरून गुरुजींचं चाललं होतं, मागच्या पंगतीत वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन पळत होते. काका खुर्चीत बसलेले, अंगावर नवं उपरणं, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. त्यांचा नातू बंगळूरहून आला होता. तो फोन घेऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला, आजोबांच्या उपरण्याला टीचभर माईक अडकवला आणि म्हणाला, "आबा, तुमच्या आयुष्यातला कधीच न विसरता येणारा प्रसंग सांगा ना." आबा म्हणाले, "तसलं काही नाही रे. नोकरी केली, पोरांना शिकवलं. आता गुडघे दुखतात." नातवानं प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारला. तेव्हा त्यांनी तो माईक काढला, शेजारच्या विड्याच्या तबकात ठेवला आणि वाढप्याला हाक मारली, "अरे, मठ्ठा आण इकडे." सगळे हसले. मीही हसलो.

पण ते काही केल्या मनातून जाईना. काका चिडले नव्हते, लाजलेही नव्हते. 'आमचं कसलं आलंय चरित्र' असं म्हणत म्हणत तासभर स्वतःबद्दल बोलणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. त्यातला हा प्रकार नव्हता. कुणीतरी विजेच्या मीटरचं रीडिंग विचारावं आणि ते वाचून सांगावं, इतक्या कोरडेपणानं त्यांनी आपल्या एक्याऐंशी वर्षांचं उत्तर दिलं होतं. नातवाचंही काही चुकलं नव्हतं. त्याला आजोबा हवे होते, उद्या नसतील तेव्हा उघडून पाहता येतील असे. त्या दोघांत बरोबर कोण, हे मला ठरवता येईना, आणि परतीच्या गाडीत खिडकीशी डोकं टेकून बसलो असताना एकदम ऑस्कर बर्लिनर आठवला.

ऑस्कर म्हणजे न्यूयॉर्कमधला एक म्हातारा. घटस्फोट झालेला, एकटा राहणारा, माणसांत फारसा न मिसळणारा. एके काळी त्याचा कपड्यांचा धंदा होता, तोही मागे पडला. त्याचा मुलगा ॲलन बर्लिनर चित्रपट करतो, आणि १९९६ साली त्यानं बापावरच एक तासाचा माहितीपट केला, 'नोबडीज बिझनेस'. फार वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीत, खडखडणाऱ्या पंख्याखाली, लाकडी घडीच्या खुर्चीवर बसून मी तो पहिल्यांदा पाहिला. बाहेर आल्यावर चहा पिताना सगळे दिग्दर्शकाबद्दल बोलत होते, त्याच्या संकलनाबद्दल, त्याच्या धिटाईबद्दल. माझ्या कानात मात्र बापाचा आवाज होता. मी साधा माणूस, साधं आयुष्य जगलो, असं तो सांगतो. सैन्यात होतो, लग्न केलं, संसार केला, कष्ट केले, स्वतःचा धंदा होता. संपलं. यावर कसला सिनेमा काढतोस?

हे वाक्य तो वैतागून म्हणतो, पण त्या वैतागाखाली एक युक्तिवाद आहे आणि तो भक्कम आहे. चित्रपट जसजसा पुढे जातो तसतसं कळतं की मुलाकडे त्याला द्यायला तेवढं भक्कम उत्तर नाही. मुलगा विचारतो, बाप उडवून लावतो. मुलगा पुन्हा विचारतो, बाप म्हणतो, तुला काय करायचंय. मध्येच पडद्यावर जुनी कृष्णधवल मुष्टियुद्धं येतात, घंटा वाजते, दोन घामेजलेले गडी एकमेकांच्या जबड्यावर ठोसे घालतात, पुन्हा घंटा, आणि आपण परत बापलेकांच्या खोलीत. पहिल्यांदा पाहताना हॉलमध्ये हशा पिकला होता. दुसऱ्यांदा घरी एकट्यानं पाहिलं तेव्हा हसू आलं नाही. मुलानं स्वतःच कबूल केलंय की आपण जे करतोय ती मारामारी आहे. तरुण खेळाडू म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा रिंगणात ओढतोय, आणि पंचही तोच, तिकिटं विकणाराही तोच. एवढं सगळं दिसत असूनही त्यानं ते लपवलं नाही, म्हणून मी त्याला माफ करतो. निदान अर्धं.

या चित्रपटातला मला सर्वांत आवडणारा भाग वंशावळीचा आहे. ॲलन आजोबा-पणजोबांच्या शोधात निघतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला मॉर्मन पंथानं वंशावळींचं प्रचंड ग्रंथालय उभं केलं आहे, तिथे जाऊन मायक्रोफिल्म चाळतो. पोलंडमधल्या राइग्रुड नावाच्या छोट्या गावाला जातो, कारण बर्लिनर मंडळी तिथून आली. आणि इतका उपद्व्याप करून आणलेले जुने फोटो बापापुढे ठेवतो, तर बाप म्हणतो, मला या माणसाशी काही देणंघेणं नाही. तुझा आजोबा आहे तो, मुलगा म्हणतो. असेल, मी त्याला ओळखत नाही. इथे आपल्याला बापाचा राग यायला हवा, दिग्दर्शकाची तशी अपेक्षा असणार. मला आला नाही. आपल्याकडे घरोघरी जाडजूड कुलवृत्तांत असतात, माळ्यावर नाहीतर पुस्तकांच्या कपाटाच्या तळाशी. माझ्याही घरी आहे. त्यात माझ्या खापरपणजोबांच्या नावापुढे एक ओळ आहे, ते कुठल्या गावी राहिले आणि त्यांना किती मुलगे झाले याची. मुलींची नावं काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी नाहीत. ती ओळ मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी स्वतःकडून काहीतरी वाटून घेण्याचा प्रयत्न केला आहे. खरं सांगायचं तर काही वाटत नाही. त्र्यंबकेश्वराला उपाध्यायांनी वही काढून आमच्या घराण्याचं पान दाखवलं, तेव्हा मात्र अंगावर काटा आला होता, पण तो नावांमुळे नव्हे. आजोबांची सही त्यात होती, आणि त्यांचा 'श्र' काढायची जी तऱ्हा होती ती माझ्या वडिलांच्या हातात आली होती. जाता जाता एक गंमत: सॉल्ट लेक सिटीच्या याच मंडळींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म करून ठेवली आहे. ॲलन बर्लिनर जिथे बसून राइग्रुडचे ज्यू शोधत होता, त्या संग्रहात कुठेतरी गंगेवर अस्थी घेऊन गेलेल्यांच्या सह्याही पडून असणार.

ऑस्करला यातलं काही नको आहे.

हा मुलगा असा कसा झाला, हे त्याच्या आधीच्या कामात दिसतं. १९५६ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, क्वीन्समध्ये वाढलेला, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठात सिनेमा शिकलेला. तिथे त्या काळात प्रायोगिक चित्रपट करणारे शिक्षक होते. गोष्ट सांगण्यापेक्षा फिल्मचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून काय होतं ते पाहणारी माणसं. ॲलननं सुरुवातीला केले तेही असेच छोटे, चिकटकामाचे चित्रपट. मग १९८६ साली आला 'द फॅमिली अल्बम'. अनोळखी कुटुंबांनी १९२० ते १९५० च्या दशकांत घरच्या कॅमेऱ्यावर काढलेली १६ मिलिमीटरची रिळं त्यानं गोळा केली. कुणाकुणाची बाळं, वाढदिवस, सहली, लग्नं, म्हातारपण. शेकडो माणसांचे तुकडे जन्मापासून मरणापर्यंत अशा क्रमानं लावले की सगळ्यांचं मिळून एकच आयुष्य झालं. आता घरच्या रिळांची गंमत अशी की त्यात सगळे नेहमी आनंदात असतात. कॅमेरा बाहेर निघतो तोच मुळी केक कापायला. शिवाय ती मूक. ॲलननं या चित्रांखाली दुसऱ्याच घरांतले आवाज घातले: आठवणी सांगणारे, कुरकुरणारे, भांडणारे, न झालेल्या गोष्टींबद्दल हळहळणारे. वर नवरा-बायको समुद्रकिनाऱ्यावर हात हलवतायत आणि खाली कुणीतरी फसलेल्या संसाराबद्दल बोलतंय. डोळ्यांना एक सांगायचं आणि कानाला दुसरं, ही या माणसाची खरी करामत आहे आणि पुढे आयुष्यभर त्यानं ती वापरली. कलादालनांसाठी केलेल्या त्याच्या एका मांडणीत तर कागदपत्रं ठेवायची पोलादी कपाटं आहेत. खण ओढला की आवाज सुरू होतो, ढकलला की बंद.

हे वाचताना ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे त्यांना एक प्रयोग सुचवतो. टीव्हीकडे पाठ करून ती नुसती ऐका. आमच्या एका ताईच्या लग्नाची कॅसेट आम्ही अशी ऐकली होती, कारण टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली होती आणि आवाज तेवढा येत होता. मंगलाष्टकं, मग सनई, मग हॅलोजनच्या दिव्याची घूं घूं, आणि त्या सगळ्याच्या मागे दोन बायका दबक्या आवाजात विहिणीच्या मानाच्या साडीवरून भांडत होत्या. इतकी वर्षं ती कॅसेट आम्ही पाहत होतो, पण ते भांडण कुणाला ऐकूच आलं नव्हतं. चित्रात ताई हसत होती ना.

'द फॅमिली अल्बम'मधली माणसं परकी होती, त्यांची परवानगी विचारायला कुणी शिल्लकही नसेल. घरच्या माणसांकडे ॲलन वळला तो १९९१ साली, 'इंटिमेट स्ट्रेंजर'मध्ये. आईचे वडील, जोसेफ कसूतो. इजिप्तमध्ये वाढलेले ज्यू, जपानी कंपनीसाठी कापूस खरेदी करणारे. महायुद्धानंतर बायकामुलं ब्रुकलिनमध्ये आणि हा गृहस्थ वर्षातले अकरा महिने जपानमध्ये. तिथे त्यांना मान होता, मित्र होते, भोजनसमारंभ होते. इकडे घरात एक रिकामी खुर्ची. म्हातारपणी त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं, कागदपत्रं, पत्रं, फोटो, सगळं नीट जपून ठेवलं, आणि १९७४ साली लेखन अर्धवट टाकून वारले. नातवाच्या हाती खोकी आली. चित्रपटभर टाइपरायटरची कळ वाजत राहते, टक टक टक, आणि तिच्या ठेक्यावर फोटो सरकतात. जपानी सहकारी गहिवरून बोलतात, आणि पोटची मुलं म्हणतात, आमच्यासाठी त्यांनी काय केलं?

म्हणजे पाहा, एका घराच्या दोन बाजू. आईचा बाप स्वतःची गोष्ट सांगायला आसुसलेला, त्यासाठी कागद साठवणारा, आणि घरच्यांना ती ऐकायची नाही. वडिलांच्या बाजूला, सांगणाऱ्याला सांगायचं नाही आणि मुलगा ऐकायला हटून बसलेला. मला वाटतं कसूतो-आजोबांवरचा चित्रपट जास्त देखणा आहे, पण त्यात एक उणीव आहे जी ऑस्करवाल्यात नाही. आजोबा मेलेले आहेत. ते उलटून बोलू शकत नाहीत. त्यांच्या खोक्यांतून नातू हवं ते काढतो, हवं ते ठेवतो. कोकणातल्या आमच्या गावी कितीतरी घरांत असे वर्षाचे अकरा महिने मुंबईत असणारे बाप होते. गणपतीला यायचे, पेढ्यांचा पुडा आणि नव्या कापडाचा वास घेऊन, आणि मुलं पहिले दोन दिवस त्यांच्यापासून लांब लांब राहायची. त्यांच्याबद्दल मुलांना विचारलंत तर तक्रारी निघतील, चाळीतल्या खोलीभावांना विचारलंत तर डोळे भरून येतील. दोन्ही खरं. पण तो बाप जिवंत असताना त्याच्यासमोर बसून विचारायची हिंमत करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ॲलननं आजोबांवर हात बसवून मग ती बापापाशी केली.

नंतर तो स्वतःकडे वळला, आणि इथे माझं त्याच्याशी थोडं बिनसतं. २००१ च्या सुमाराला 'द स्वीटेस्ट साउंड' आला. विषय नावाचा. ॲलेन बर्लिनर नावाचा एक बेल्जियन दिग्दर्शक आहे. त्याचा चित्रपट गाजला तेव्हा लोक याचंच अभिनंदन करायला लागले. तर यानं जगातले ॲलन बर्लिनर शोधून काढले आणि सगळ्यांना न्यूयॉर्कला आपल्या घरी जेवायला बोलावलं. कल्पना फक्कड. तासभर मजा येते. मग २००६ चा 'वाइड अवेक', निद्रानाशावरचा. याला वर्षानुवर्षं रात्री झोप येत नाही, कामं सगळी पहाटेपर्यंत चालतात, आणि आता घरात बाळ आलंय. त्यात एक प्रसंग आहे: कधी कॉफी न पिणारा हा माणूस कॅमेऱ्यासमोर कॉफी पितो आणि तारवटल्यासारखा आपली कार्यशाळा दाखवत सुटतो. रंगांप्रमाणे लावलेल्या खोक्यांच्या भिंतीच्या भिंती, फिल्मचे तुकडे, फोटो, आवाज, सगळ्यावर चिठ्ठ्या. ते पाहून हेवाही वाटतो आणि भीतीही. पण या दोन चित्रपटांत त्याच्यासमोर कुणी उभं नाही. स्वतःशी कितीही भांडलं तरी शेवटी आपणच जिंकतो. अपवाद एकच, 'वाइड अवेक'मध्ये आई, बहीण आणि बायको त्याला फैलावर घेतात ती जागा. बाळ झालंय, आता तरी माणसांसारखा झोप. तेवढ्यापुरता चित्रपट ताडकन जागा होतो. याला समोर 'नाही' म्हणणारं कुणीतरी लागतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

आणि मग एडविन होनिग.

होनिग हा ॲलनच्या आईच्या नात्यातला भाऊ, म्हणजे आपल्या हिशेबानं मामा. कवी, समीक्षक, ब्राउन विद्यापीठातला प्राध्यापक. लोर्का, काल्देरॉन हे स्पॅनिश आणि पेसोआ हा पोर्तुगीज, अशा कवी-नाटककारांची इंग्रजी भाषांतरं केलेला, त्यासाठी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांनी सन्मान दिलेला. ॲलनचा तो आदर्श होता. त्याला अल्झायमर झाला आणि ॲलन पाच वर्षं कॅमेरा घेऊन त्याच्याकडे जात राहिला. २०११ मध्ये होनिग वारला, २०१२ मध्ये 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड' आला आणि ॲम्स्टरडॅमच्या मोठ्या माहितीपट महोत्सवात सर्वोत्तम ठरला. मी तो सलग पाहू शकलो नाही. मध्ये उठून गॅलरीत गेलो, खाली रिक्षावाले गप्पा मारत होते ते ऐकत उभा राहिलो, आणि परत आलो.

खिडकीशी खुर्ची. बाहेर झाडं. खुर्चीत तो. कधी केस नीट विंचरलेले, कधी विस्कटलेले, कधी दाढी वाढलेली. ॲलननं वर्षांचा क्रम मुद्दाम मोडलाय, त्यामुळे एका क्षणी होनिग शहाणपणानं बोलतो, पुढच्या क्षणी त्याला शब्द सापडत नाहीत, आणि त्याच्या पुढच्या क्षणी पुन्हा बोलतो. आपल्याला वाटतं बरा झाला. मग लक्षात येतं की हे आधीचं होतं. घरात असा आजार पाहिलेल्यांना हे ठाऊक आहे. माझी आजी शेवटच्या काळात मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारायची, आणि मध्येच एखाद्या दुपारी अगदी स्वच्छ म्हणायची, "तुझं ऑफिस नाही का आज?" त्या दुपारी घरभर आनंद, आणि संध्याकाळी पुन्हा तो भाऊ. ॲलन होनिगला त्याचेच फोटो दाखवतो. हा कोण? मी कोण? ओळखतोस मला? उत्तर कधी येतं, कधी येत नाही. कधी नुसते आवाज येतात, शिट्टीसारखे, पाखरासारखे, जिभेशी खेळल्यासारखे. आयुष्यभर भाषेत राहिलेल्या माणसाकडे अर्थ उरला नाही तरी ताल उरला होता. तो ताल ऐकताना मी थक्क झालो, आणि लगेच शरमलो, कारण त्या माणसाच्या मोडतोडीतून मला कवितेचा आनंद मिळत होता.

'नोबडीज बिझनेस'मध्ये बाप म्हणू शकत होता, बंद कर ते यंत्र. होनिग म्हणू शकत नाही. किंवा म्हणत असेल तर त्याला काय म्हणायचं आहे ते आपल्याला कळत नाही. पूर्वी कधी त्यानं होकार दिला असेल असं धरलं, तरी दिलेला होकार ज्याला आठवत नाही त्याचा तो होकार कितपत त्याचा? एकीकडे हा प्रश्न, आणि दुसरीकडे असं की हा चित्रपट होनिगला देवही करत नाही. त्याच्या दत्तक मुलांची कडवट बाजू त्यात आहे. बाप म्हणून तो किती कठोर होता ते. आणि मग ती जुनी गोष्ट येते. एडविन पाच वर्षांचा असताना त्याचा तीन वर्षांचा धाकटा भाऊ त्याच्या मागे धावत रस्त्यावर आला आणि ट्रकखाली सापडला. वडिलांनी दोष एडविनला दिला, आणि तो दोष त्याच्या कवितांत, त्याच्या रागात, त्याच्या घरात राहिला. पडद्यावरचा म्हातारा सगळं विसरलाय, स्वतःची पुस्तकंसुद्धा. हेही विसरला असेल का? विसरला असेल तर ती त्याची सुटका म्हणायची का? ॲलन हे विचारून पाहतो. मला वाटलं, नको विचारूस. आणि त्याच वेळी मी पुढे वाकून, आवाज वाढवून, उत्तर काय येतंय ते ऐकत होतो.

शेवटचं मी पाहिलेलं त्याचं काम 'लेटर टू द एडिटर', २०१९ चं. चाळीस वर्षं त्यानं रोज न्यूयॉर्क टाइम्समधली छायाचित्रं कापून ठेवली, त्यातूनच अख्खा चित्रपट उभा केला. कागदाचं वर्तमानपत्र संपत चाललंय म्हणून घाबरलेल्या माणसाचा निरोप आहे तो. त्याचा १९८० चा एक पहिलावहिला छोटा चित्रपटही वर्तमानपत्राभोवतीच होता. बुद्धिमान काम आहे, पण माझं मन त्यात रमलं नाही. मधूनच वाटत राहिलं, आत्ता ऑस्कर असता तर म्हणाला असता, कातरणं कापून कुणाचं पोट भरतं का.

तर ऑस्कर बरोबर की ॲलन? काकांच्या त्या कार्यक्रमानंतर मी 'नोबडीज बिझनेस' पुन्हा लावला, आणि या खेपेला मावशी शेजारी होती. मावशी शाळेत इतिहास शिकवायची, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. इंग्रजी तिला समजतं, पण अमेरिकन उच्चार नाही, त्यामुळे मी मध्ये थांबवून सांगत होतो. शेंगा सोलत, टरफलं वाटीत टाकत ती पाहत होती. म्हाताऱ्याचं प्रत्येक खेकसणं तिला आवडत होतं. मी माझी शंका तिला सांगितली: नको म्हणणाऱ्या माणसाला असं पडद्यावर आणणं बरं का? ती म्हणाली, "नको होतं तर उठून गेला असता. बसलाय ना तासभर? पोरगा समोर बसून बोलतोय तेवढं त्याला हवं होतं. उत्तरं द्यायची नव्हती, पण प्रश्न हवे होते." मला हे पटलं, आणि नाहीही पटलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यानं मुलाच्या सहवासाची किंमत म्हणून आपलं आयुष्य चारचौघांत मांडू द्यावं, हा सौदा मला काही सरळ वाटत नाही. ते मी बोललो नाही, कारण तेवढ्यात पडद्यावर ॲलनची आई आली. रेजिना. घटस्फोटाची तिची बाजू ती सांगायला लागली. मावशीनं शेंगा बाजूला ठेवल्या.

"हिच्यावर काढलाय का त्यानं?"

मी नाही म्हणालो. तिच्या वडिलांवर काढलाय, नवऱ्यावर काढलाय, झोप न येणाऱ्या मुलावर काढलाय, नात्यातल्या भावावर काढलाय, असं म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं की या सगळ्या माणसांना जोडणारी बाई ती एकटीच आहे. कसूतो तिच्यामुळे आजोबा, होनिग तिच्यामुळे मामा, ऑस्करशी भांडण तिच्या संसाराचं. प्रत्येक ठिकाणी ती साक्षीला येते, चार वाक्यं बोलते, चांगलं बोलते, आणि कॅमेरा पुन्हा पुरुषांकडे वळतो. या माणसाबद्दल मी इतकं वाचलं, त्याचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले, बापाच्या हक्कांबद्दल स्वतःशी इतका वाद घातला, पण हे कधी दिसलं नव्हतं.

"हिला विचारलं असतं तर ही नाही म्हणाली नसती," मावशी म्हणाली, "म्हणून राहिली असेल." आणि मग रिमोट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मागे घे जरा. काय म्हणाली ती, ते नीट कळलं नाही."